पाळीवरचा वाटा

परदेशातून रजेवर आलेली मुलगी महाबळेश्वरला जाते, गोव्याला जाते, फार तर काशीला. मी भंडाऱ्याला निघाले तेव्हा आईनं कणीक मळता मळता विचारलं, "तिथे काय आहे बघण्यासारखं?" मी म्हटलं, "तांदूळ." ती म्हणाली, "तांदूळ खालच्या वाण्याकडेपण आहे." नागपूरच्या पुढेही महाराष्ट्र उरतो हे साताऱ्याच्या माणसाला मुळी पटतच नाही. नर्सिंग शिकायला नागपूरला गेले नसते तर मलाही पटलं नसतं.

खरं कारण मी आईला सांगितलं नाही. ते माझ्या पिशवीत, साडीच्या घडीत ठेवलं होतं. एका इंग्रजी मासिकातलं पान होतं ते.

ते पान मला मिळालं इंग्लंडातल्या एका इस्पितळात. तिथे म्हाताऱ्या बायकांच्या वॉर्डात मी नोकरीला होते. एका सकाळी एका आजीबाईनं न्याहारीतला अर्धा टोस्ट रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. हे काय म्हणून विचारलं तर तिनं उशाखालून मासिक काढलं. पानभर फोटो होता. गळ्यापर्यंत चिखलानं माखलेला एक म्हातारा, फासळ्या वर आलेल्या, कमरेला एक चिंधी. मागे त्याच्यासारखीच माखलेली माणसं चिखलात वाकलेली. म्हाताऱ्यानं उजवा हात पुढे केला होता. तो मनगटापर्यंत दिसत होता, पुढे पानच संपलं होतं. खाली दोन ओळी होत्या. भारतातल्या भंडारा जिल्ह्यातला हा भुकेला शेतकरी चिखलात अन्न शोधतो आहे आणि पाहुण्यापुढे हात पसरतो आहे, असा त्यांचा अर्थ.

"तुझी माणसं," आजीबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. तिथेच माझं डोकं फिरलं. कुणी कुचेष्टेनं बोललं असतं तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. दयेला काय सुनावणार? मी तिला आमची रेल्वे सांगितली, धरणं सांगितली, आकाशात सोडलेला उपग्रह आणि वाळवंटात केलेला अणुस्फोट सांगितला. आमच्याकडे कुणीही उपाशी नाही असं छातीठोकपणे सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते ठीक आहे गं, पण तू टोस्ट खाल्लास का?"

त्याच हिवाळ्यात ती गेली. नाताळात सबंध वॉर्डाला रंगीत कागदाच्या माळा लावल्या होत्या आणि तिला भेटायला कुणीही आलं नव्हतं. तिचा मुलगा एका तासाच्या अंतरावर राहत होता. अशा कितीजणींचे डोळे मी मिटले. त्यांचे फोटो कुठल्या मराठी मासिकात येत नाहीत. माझ्या आईनं पाहिलेल्या प्रत्येक चित्रात इंग्लंड म्हणजे बर्फ, ट्यूलिप आणि राणी. तिच्या मते तिथे कुणाला दुःख नसतंच.

मासिक आजीबाईच्या सामानाबरोबर कचऱ्यात जाणार होतं. मी ते पान फाडून घेतलं.

साकोली

नागपूरहून निघालेली एसटी हमरस्त्यावरून ट्रकांच्या मागे धूर खात साकोलीला पोचते. एवढंच लिहिते, कारण त्या प्रवासात माझ्या शेजारी एक बोकड होता आणि त्याचा उल्लेख केला की पुढचं कुणी गंभीरपणे वाचणार नाही.

साकोलीला माझी मैत्रीण सुमन सरकारी दवाखान्यात नर्स होती. नागपूरच्या वसतिगृहात आमची खोली एक होती. तिच्या घरानं छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हाच वडिलांनी पोरीला शिकवायचं असं ठरवून टाकलं होतं, आणि ती शिकली तीही हट्टानं. दारातच तिनं मला झापलं.

"वैशाखात कायले आली वं? इथली माणसं ऊन पाहून पळून राहिली अन् तू येऊन राहिली!"

जेवणात भात होता, वर लाखोरीची डाळ होती, आणि मग पुन्हा भात. पोळी कुठे आहे असं मी डोळ्यांनी शोधलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्हां घाटावरच्यांना पोळी नसली की जेवण झाल्यासारखं वाटत नाही. आम्हाले भात नसला की उपास." ही तुलना मी पुढे आठवडाभर पोटात घेऊन फिरले.

हात धुतल्यावर मी ते पान तिच्यासमोर ठेवलं. आता ती खवळेल, दोघी मिळून खवळू, असं मनात योजलं होतं. तिनं कपाळाला आठी घालून बराच वेळ पाहिलं.

"चिखल आमचाच हाये," ती म्हणाली. "ही बोडीची पाळ. हे वाकडं मोहाचं झाड. मी लस टोचायला जाते ना या गावाले." मग तिचं बोट म्हाताऱ्यावर थांबलं. "अगं, हा तं दशरथबुढा!"

बोडी म्हणजे छोटा तलाव आणि पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. हा जिल्हाच तलावांचा. मी विचारलं, "आहे का तो?"

"मागच्या पावसाळ्यात गेला. त्याची बायको हाये, यमुनामावशी. जीपनं एक गोरा आला होता, त्यानं फोटो काढले, धाडतो म्हणाला. बुढ्याचा दुसरा फोटो नाही घरात. एकही नाही. मी गेली की मावशी पहिले हेच इचारते, सुमन, त्या गोऱ्याचा फोटो आला का?"

त्या बाईच्या नवऱ्याचा जगात एकच फोटो होता, तो माझ्या साडीच्या घडीतून इथे आला होता, आणि त्याच्याखाली त्या दोन ओळी.

"आपण देऊ तिले," सुमन म्हणाली. "पण खालचं लिहिलेलं सांगायचं नाही."

"का? तिच्या नवऱ्याला भिकारी करून जगभर विकलं. तिला कळायला नको?"

"कळून काय करन ते? इंग्लंडले जाऊन भांडन?"

"निदान राग तरी येईल."

"राग तुले आला हाये," सुमन म्हणाली. "तो तिच्या डोक्यावर कायले ठेवतेस?"

आमचं त्या दुपारी चांगलंच वाजलं. माझं म्हणणं, खोटं सहन केलं की ते खरं होऊन बसतं. तिचं म्हणणं, मी तिथे राहून ते सहन केलं आणि आता वसुली करायला इथे आले. आणीबाणीत आपल्याच वर्तमानपत्रांतून आपला देश कसा हिरवागार दिसायचा, ते आठव, असंही ती बोलली. आणीबाणी उठून तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. त्यावर मी झोपेचं सोंग घेतलं.

पाळीवर

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकदा त्याचं चित्र छापून आलं, तेवढं त्याला पुरे झालं.

सुमननं दिवस हेरून ठेवला होता. वैशाखात बोडीचं पाणी गुडघ्याखाली आलं की धीवर जाळी लावून मोठे मासे काढून घेतात. त्यानंतर उरलेला गाळ एक दिवस सगळ्या गावाला खुला करतात. त्या दिवशी गावात दुसरं काम होत नाही.

फाट्यावर उतरून आम्ही चालत गेलो. दोन्ही बाजूंना धानाच्या रिकाम्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, भेगा पडलेल्या, मधूनच पळसाचं एखादं झुडूप. उजाड माळ म्हणून फोटो काढायचा तर कुठेही उभं राहून काढावा. भाद्रपदात हेच सगळं डोळ्यांना सहन होणार नाही इतकं हिरवं असतं, असं सुमन म्हणाली. पण भाद्रपदात चिखलातून जीप येत नाही, आणि पाहुणेही येत नाहीत.

पाळीवर पोचलो तेव्हा सगळं गाव काठावर उभं होतं. बायकांनी धुण्यात न घालण्यासारखी जुनेरं गुडघ्यावर खोचली होती. पुरुषांच्या कमरेला फडकी. गावच्या पाटलालाही मी पाटील म्हणून ओळखलं नसतं. या दिवसासाठी प्रत्येक घर वर्षभर एक चिंधी जपून ठेवतं, सुमननं सांगितलं. ज्याची चिंधी जास्त फाटकी त्याची थट्टा जास्त. एका म्हातारीच्या लुगड्याकडे पाहून कुणी ओरडलं, "आजी, हे तं लग्नातलं होय का वं?" आणि आजीनं चिखलाचा गोळा नेमका त्याच्या तोंडावर मारला.

कुणीतरी हाळी दिली आणि सगळे एकदम उतरले. बुड नसलेल्या टोपल्या गाळात दाबायच्या, वरून हात घालून आत सापडलेला मासा चाचपायचा. पकडला की आरोळी, निसटला की त्याहून मोठी आरोळी. दोन घटकांत माणसं ओळखू येईनात. कोण बाई, कोण बाप्या, कोण पाटील, कोण मजूर, सगळे एका रंगाचे. मी काठावर इंग्लंडातल्या चामडी बुटांत उभी. जरा पुढे सरकायला गेले आणि पाळीवरून थेट खाली, कमरेपर्यंत चिखलात. बूट एक बाहेर आला, एक अजून तिथेच आहे. सुमन पाळीवर बसून पोट धरून हसत होती.

"थांब, आता तुझा फोटो काढते. 'साताऱ्याची भुकेली नर्स'!"

मीही हसले, आणि हसता हसता गाळातल्या माणसांकडे वळून पाहिलं. त्या पानावर मागे वाकलेली माणसं होती ना, ती हीच होती. हसत होती. चेहऱ्यावरचा चिखल वाळला की हसणं आणि कळवळणं दुरून सारखंच दिसतं.

वर येऊन मी सुमनजवळ ठेवलेल्या पिशवीतून माझा छोटा कॅमेरा काढला. गाळातून एक ओळखपाळख नसलेला माणूस माझ्याकडेच चढून येत होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला. छान चौकट जमली: चिखलाचा माणूस, मागे बोडी, वर आभाळ. त्यानं हात पुढे केला. तो जवळ येत गेला तसा हात चौकटीच्या कडेला भिडला आणि बाहेर गेला. मनगटापर्यंत दिसत होता.

मी कॅमेरा खाली घेतला. त्याच्या तळहातावर तडफडणारा मासा होता.

"घ्या ना बाई," तो म्हणाला. "पाळीवरचा वाटा."

गाळाच्या दिवशी पाळीवर जो उभा असेल त्याला वाटा मिळतो. वाटसरू असो, पोस्टमन असो, रस्ता चुकलेला व्यापारी असो. रिकाम्या हातानं त्याला पाठवलं तर पुढच्या साली बोडीत मासे होत नाहीत, असं इथे मानतात. सुमनला हे लहानपणापासून ठाऊक होतं. ते पान पाहताना ते तिला आठवलं नाही, कारण पानावर मासा नव्हता. आता तीही पाळीवर उभी राहून माझ्या हातातल्या माशाकडे बघत होती, आणि हसायची थांबली होती.

यमुनामावशीचं अंगण

घर गावाच्या कडेला. यमुनामावशी राखेनं मासे घासत बसली होती. बारीक अंगाची, कान मोठ्यांदा बोललं तरच ऐकणारे, डोळे मात्र तरतरीत. सुमननं ओळख करून दिली. मी इंग्लंडातून आले म्हटल्यावर तिनं मासा तसाच टाकला.

"तिकडूनच आल्या का बाई? त्यानं फोटो धाडला का मंग?"

मी पान काढलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले, तरी पान हातात घेतलं नाही. मलाच धरायला लावलं आणि समोर उकिडवी बसली.

"बुढाच होय," ती म्हणाली. मग हसली. "केवढा मोठा छापला! पाहा ना सुमन, मान कशी करून राहिला. फोटो काढाले उभा राहिला की अशीच करे." कुठल्या फोटोसाठी तो उभा राहिला होता, कोण जाणे. एकदाच तर राहिला होता.

तिनं त्याच्या खांद्यापासून बोट फिरवायला सुरुवात केली. दंड, कोपर, मनगट. तिथे बोट थांबलं. तिनं पान उलटून पाहिलं. मागे डब्यातल्या सुपाची जाहिरात होती.

"हात कुठी गेला?"

"पान तिथंच संपलं, मावशी."

"मासा होता ना त्या हातात. मरळ होती. लहान धरून नेऊन राहिला होता, तं मीच म्हनली, पाहुन्याले मोठी दे." तिनं पुन्हा पान सरळ केलं. "खाली काय लिहून हाये?"

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मना करायला नव्हे, नुसतं पाहिलं. साताऱ्याहून निघाल्यापासून मी या क्षणाची वाक्यं जुळवत आले होते. देश, अपमान, अन्याय, सगळं त्यात होतं. त्यातलं एकही तोंडातून निघेना. खोटं सांगावं असंही वाटून गेलं. पण त्या बाईला आणखी एका सुशिक्षित माणसानं फसवायचं हे जमलं नाही.

"लिहिलंय," मी म्हटलं, "की हा माणूस उपाशी आहे. हात पसरून मागतो आहे."

तिला ऐकू आलं नाही असं मला वाटलं. सुमन तिच्या कानाशी वाकली, पण तिनं हातानं थांबवलं.

"मांगून राहिला म्हन्ते?"

"हो."

ती चिडली नाही. तिनं एक मासा उचलला, पुन्हा ठेवला.

"उपाशी नोहतो असं नाही, बाई," ती म्हणाली. "आखाडात घरचे तांदूळ सरते. पेज पिऊन झोपलो, थेही दिवस गेले. भुकेचा काढला असता फोटो तं मी कायले नाही म्हनली असती? पन त्या रोजी नाही. त्या रोजी तं थो देऊन राहिला होता."

मी त्या वॉर्डात मारलेल्या बढाया मला आठवल्या. आमच्याकडे कुणीही उपाशी नाही. त्या अंगणात ते वाक्य मला उच्चारता आलं नसतं. आपल्या देशाची बाजू मी मांडत होते, पण या घराचा आखाड मलाही माहीत नव्हता, आणि माहीत करून घ्यायचा नव्हता. त्या मासिकवाल्याला इथली भूकच तेवढी हवी होती, मला ती मुळीच नको होती. लाज वाटली, ती त्या फोटोची नव्हे.

"अन् त्यानं घेतली ना मरळ," मावशी म्हणाली. "इथीच बसला. तुमी बसल्या ना, तिथी. बुढ्यानं काटे काढून देल्ले त्याले. दोन खेपा भात घेतला." तिनं मान वर केली. "त्याले तं ठाव होतं, बाई. मंग काहून असं लिहिलं?"

मी त्या माणसांत राहत होते, त्यांचा पगार घेत होते, तेव्हा मला ठाऊक असणार असं तिला वाटलं असेल. मला ठाऊक नव्हतं. सुमन रडत होती, आणि तिला मी नागपूरच्या सगळ्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मग मावशीनं आम्हाला जेवू घातलं. लाल तिखटाचा रस्सा, भात, काटे काढायला ती समोर बसलेली. पानात टाकण्याची सोय नव्हती, मी सगळं संपवलं.

जेवणं झाल्यावर तिनं उरलेल्या भाताची खळ केली आणि पान दाराशेजारच्या भिंतीला डकवलं. भिंत सारवायला कालवलेली पांढरी माती कोपऱ्यात होती. तिनं तीत हात बुडवला आणि पानाच्या तळाशी, त्या दोन ओळींवरून, डावीकडून उजवीकडे फिरवला. सणाला भिंतीवर चित्रं काढतात तसं तांदळाचं पीठ वाटीत पाण्यात कालवलं. जिथे पान संपत होतं तिथून बोटानं पुढे रेघ ओढली. मनगट, तळवा, पाच बोटं. तळव्यावर मासा. मासा हाताहून मोठा झाला.

"मोठा झाला, मावशी," सुमन म्हणाली.

"मोठीच होती."

मी चाचरत विचारलं, याचा फोटो काढू का. तिनं थोडा विचार केला.

"काढा. पन हात पुरा येऊ द्या."

मी मागे मागे सरत अंगणाच्या कुंपणापर्यंत गेले. पाठीला काटे टोचले तेव्हा कुठे सगळं चौकटीत आलं.

परतल्यावर

रजा संपून इंग्लंडात परतले, नोकरीचा करार बाकी होता. भिंतीचा तो फोटो मोठा करून घेतला, सोबत जे घडलं ते लिहिलं आणि मासिकाकडे पाठवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवलं, पुन्हा आलं नाही. सुमन कळवते की भिंतीवरचं पीठ पहिल्याच पावसाळ्यात ओघळलं, मावशीनं पुन्हा काढलं. कागदाला वाळवी लागते आहे.

नाताळच्या सुमाराला इस्पितळाजवळच्या दुकानात पाव घ्यायला गेले होते. गल्ल्याशेजारी दानाचा पत्र्याचा डबा ठेवला होता. त्याच्यावर दशरथबुढा होता. तीच मान, तोच चिखल. हात पुढे केलेला, आणि मनगट संपतं तिथेच नाणं टाकायची फट.

माझ्या पुढे एक बाई होती. तिनं सुट्टे पैसे घेतले, डब्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे, माझ्या रंगाकडे, कोटाखालच्या साडीकडे पाहिलं. चांगली बाई असावी. तिनं हातातली सगळी नाणी एकेक करून त्या फटीत टाकली आणि माझ्याकडे बघून हसली. ती थांबली होती. मागे रांग खोळंबली होती.

मी म्हटलं, "थँक यू."